‘मीच चढवली’ म्हणणारे हमीदभाई

झुबेदाआपाचा फोन आला तेव्हा मी जळोचीत घराच्या ओट्यावर पेपर वाचत बसलो होतो. “विलासभाऊ, हमीदभाई गेला. काल माती दिली,” एवढंच ती म्हणाली. काल... म्हणजे मी बारामतीत चष्म्याचा नंबर तपासून घेत होतो, तेव्हा इंदापुरात माझ्या बारा वर्षांच्या भागीदाराला लोक खांदा देत होते आणि मला कळवावं असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. रागवायचा हक्क मी केव्हाच घालवून बसलो होतो. गेली दोन वर्षं मी त्यांच्या दारात गेलो नव्हतो.

हमीदभाई मुळात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे. लग्न केलं नाही. इंदापुरात एसटी स्टँडमागे दुकान आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत ते आणि त्यांची विधवा बहीण झुबेदाआपा. माझा बारामतीत केबलचा धंदा होता. तो बसत चालला तेव्हा आम्ही दोघांनी मिळून बिनतारी इंटरनेट सुरू केलं. इंदापुरात एका उंच इमारतीवर एक अँटेना, दुसरा वरकुट्याच्या टॉवरवर आणि तिथून वस्त्यांवर. ज्या लहरींवर हे चालतं त्या वापरायला परवाना लागत नाही, कुणीही वापराव्यात. फक्त किती जोरात पाठवायचं, त्या पॉवरला सरकारनं मर्यादा घातलेली आहे. यंत्रातला तो आकडा बदलायला मिनिटभर पुरतं, आणि गिऱ्हाईक ओरडायला लागलं की हात शिवशिवतो. मी एकदा तसं म्हणालोही. हमीदभाई शांतपणे म्हणाले, “एसटीत समदी हळू बोलली तर समद्यांचं बोलणं हुतं, विलासराव. एकजण वरडला की बाकीच्यांनाबी वरडावं लागतं. मग कुणाचंच कुणाला ऐकू येत न्हाय.”

पण मर्यादा योग्यच आहे असं त्यांचं मुळीच म्हणणं नव्हतं. “शेरात भिंतीला भिंत लागून. हितं दोन वस्त्यांच्या मधी नुसता ऊस. दोन्हीला एकच आकडा कसा?” गावाकडे जास्त पॉवर द्या, पण उघड द्या, प्रत्येक टॉवरची नोंद हवी, अँटेनाचं तोंड कुठं आहे ते लिहिलेलं हवं, शेजारच्याला आधी कळवलेलं हवं... हे सगळं ते एका निवेदनात मांडत होते. सरकार या नियमांवर लोकांची मतं मागवणार होतं. दुकानात बसून आठ-आठ दिवस एकेक परिच्छेद लिहायचे, आपाला वाचून दाखवायचे आणि तिला कळला नाही तर खोडून पुन्हा लिहायचे.

त्याच सुमारास माझ्या भाचीची कॉलेज प्रवेशासाठी ऑनलाइन मुलाखत होती. माझी बहीण वरकुट्याला दिलेली. दोन दिवस तिथली लाइन सारखी तुटत होती. “दादा, पोरीचं वर्ष जाईल,” ती फोनवर रडली. हमीदभाई त्या दिवशी भिगवणला गेले होते. मी दुकानात बसून वरकुट्याची पॉवर मर्यादेच्या बरीच वर चढवली. मुलाखत छान झाली. आणि मी आकडा खाली आणायचा विसरलो... नाही, खरं लिहितो. लाइन इतकी सुरेख चालत होती की मला तो खाली आणावासा वाटला नाही.

पलीकडच्या वाडीत पोपटराव म्हणून एकजण आमच्यासारखाच छोटा धंदा करत. त्यांची लाइन त्या आठवड्यात मेली. त्यांनी यंत्रं बदलली, तारा बदलल्या, दोनदा टॉवरवर चढले. तिसऱ्या वेळी उतरताना पाय निसटला आणि मांडीचं हाड मोडलं. मग त्यांच्या भावानं तक्रार केली. लहरींची पॉवर मोजायचं यंत्र घेऊन सरकारी साहेब आले. दुकानात आम्ही दोघंही उभे होतो. “पॉवर कोणी चढवली?” साहेबांनी विचारलं. हमीदभाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. माझी नजर खाली गेली. “मीच चढवली, साहेब. धंद्याचा परवाना माझ्या नावावर हाय,” ते म्हणाले. यंत्रं जप्त झाली, काम बंद पडलं. त्या विषयावर ते माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत, आणि मीही नाही.

तरी नियमांवर लोकांची मतं ऐकायला पुण्यात ठेवलेल्या सुनावणीला ते गेले. मी सोबत गेलो होतो. इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात निवेदन. दोन परिच्छेद त्यांनी खणखणीत आवाजात वाचले. समोरचे एक गृहस्थ कागद चाळत होते, ते अगदी सौजन्यानं म्हणाले, “मर्यादा मोडल्याबद्दल कारवाई झाली, ते आपणच ना?” सभागृहात कुणीतरी हसलं. “व्हय, मीच,” म्हणून हमीदभाई खाली बसले. उरलेली पानं त्यांनी घडी करून खिशात ठेवली. मी शेजारच्या खुर्चीवर होतो. उभं राहायला मला एक क्षण पुरला असता. परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसून बाहेर बघत राहिले. इंदापूर आल्यावर म्हणाले, “बरं हाय, विलासराव.” ते आमचं शेवटचं बोलणं.

पुढं पोपटराव काठी घेऊन चालायला लागल्याचं कानावर आलं. हमीदभाई पुन्हा रेडिओ दुरुस्त करू लागल्याचंही आलं, पण आता कोण आणतं रेडिओ?

त्यांचा चाळिसावा दिवस झाल्यावर मी इंदापूरला गेलो. आपानं दुकान उघडून दिलं. काउंटरच्या आत त्यांची खुर्ची होती, बाहेरच्या बाजूला एक रिकामं स्टूल. मी स्टुलावर बसलो आणि आपाला सगळं सांगितलं. आकडा मी चढवला होता, पोपटरावांचा पाय माझ्यामुळं मोडला, आणि पुण्यात मी गप्प बसलो. ती दाराला टेकून ऐकत होती.

“हमीदभाईला ठाऊक हुतं,” ती म्हणाली.

“मग त्यांनी मला कधीच का बोलावलं नाही, आपा?”

“मी म्हनलं हुतं, फोन लावते. तर म्हनला, बोलावून आणलेला मानूस मला नगं. यील त्यो, सांगंल. म्हनून ह्ये स्टूल मला हलवू देत न्हवता...” तिनं पदरानं काउंटरवरची धूळ पुसली. “पोपटरावास्नी सांगितलंत?”

“नाही.”

“मग आधी तितं जा. चहा पिऊन जा.”

ती आत गेली. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येऊ लागला. समोरची खुर्ची रस्त्याकडे तोंड करून होती. तिथं बसलेल्या माणसाला स्टँडवरून येणारा प्रत्येकजण लांबूनच दिसत असणार.