पत्र्यावरचे दगड

पहाटे चार वाजता कौशल्याबाईचा दिवस सुरू झाला. ऊसतोडीचा हंगाम कधीच संपला होता, पण जाग त्याच वेळेला यायची. उठून तिने आधी सुनेला, सुनिताला, शेक दिला. नात पाच दिवसांची. त्या दिवशी तिची पाचवी होती, आणि चक्रीवादळ येणार असल्याचा इशाराही मोबाइलवर आला होता.

मी शेजारी. जन्मभर गवंड्याच्या हाताखाली राबलो, आता घरीच असतो. वादळाचं मी तिच्या नवऱ्याला, आश्रुबाला, सांगितलं.

"समुद्रातलं वादळ सिरसाळ्याला येतंय व्हय? समुद्र कदी बगितला का बे तू?" तो हसला.

दुपारनंतर आभाळ पिवळं पडलं. लिंबाचं पान हलेना. मग आश्रुबा उठला. आमच्याकडे वाऱ्याचं भ्या वाटलं की माणूस पत्र्यावर दगड वाढवतो. त्यानेही बांधावरचे धोंडे आणले.

कौशल्याबाई शिडीला आडवी उभी राहिली. "चढवू नका. हायेत ते बी खाली घ्या."

"येडी झालीस का? पत्रा उडंल."

"पत्रा उडाला तर लेकरू भिजंल. दगड पडला तर?"

आश्रुबाने हातातला धोंडा खाली ठेवला. तोडीच्या तळावर असाच दगड खाली येऊन त्याच्या भावाचा, सुग्रीवचा, गुडघा गेला होता.

मी म्हणालो, "पलीकडच्या गल्लीत अर्जुनरावांच्या घराला स्लॅब हाय. बाळंतिणीला तिकडं न्या."

"पाचवीला बाळंतीण उंबरा ओलांडत न्हाई, म्हाळूभाऊ." बोलताना तिने माझ्याकडे बघितलं नाही.

ती शिडीवर चढली. हात पुरेल तिथला दगड ओढायचा, छातीशी धरायचा, उतरायचं. फेकणं सोपं होतं, पण आत बाळंतीण दचकली असती. तिने एकही फेकला नाही. मी शिडी धरली. माझ्याच्याने तेवढंच होत होतं. मधला एक धोंडा मात्र हाताला आला नाही, आणि पत्र्यावर पाय देता येत नव्हता. त्याच्या खालून तिने सुनिताची बाज हलवून भिंतीला लावली.

मग उसाच्या ट्रॉलीचा जाड दोर पत्र्यावरून टाकून दोघांनी दोन्हीकडे खुंट्यांना आवळला. आश्रुबाने भरलेला पीळ ढिला होता; तो सोडून तिने गुडघा देऊन पुन्हा भरला.

"मुकादमाला दाखवायपुरती बांधलेली उसाची मोळी न्हाई ही," ती म्हणाली.

दिवेलागणीला पाचवीचा पाटा पुजून झाला. आम्ही बसून राहिलो. सगळ्यांची नजर पुन्हा पुन्हा त्या एका धोंड्याखालच्या पत्र्याकडे जायची.

वारा आला तो एकदम. दोर कण्हायला लागला. मधला पत्रा फाटकन उचलला गेला आणि धोंडा खाली आला, आधी बाज होती त्याच जागी. फरशी फुटली. पाऊस आत आला. पोर भिजून किंचाळली, आणि ते किंचाळणं ऐकून कौशल्याबाईने तिला पदराखाली घेतलं.

बाकीचे पत्रे दोराने धरले.

बारशाला नातीच्या पायात चांदीचे वाळे घालायचे म्हणून तिने हंगामाची मजुरी बाजूला ठेवली होती. बारशाला पोरीच्या पायात काळा दोरा होता. त्या मजुरीत छपराचे लोखंडी अँगल आणि पत्रा आवळायचे बोल्ट आले.