पाकट आणि रानगुलाब

आमच्या घरात दोन काट्यांचं भांडण संसाराइतकंच जुनं. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. ह्यांनी बँकेतून उरलेला सगळा वेळ गुलाबांना दिला. कात्रजच्या आमच्या गच्चीतले गुलाब प्रदर्शनात मिरवायचे आणि माझ्या पाकट माशाच्या शेपटीचा करवती काटा, कोकणातून हौसेनं आणलेला, शोकेसमध्ये धूळ खायचा.

मला पाकटाचं भारी कौतुक. एवढं जहाल हत्यार शेपटीवर बाळगून हा वाळूत अंग पुरून गप्प पडून राहतो. कुणाचा पाय पडला तरच मारतो. ह्यांना कौतुक फक्त कलमी गुलाबाचं. कलम ज्या रानगुलाबावर बांधतात, त्याची फूट खालून डोकावली की हे ती बुडापासून उडवत.

गेल्या वर्षी ह्यांना पक्षाघात झाला. चालू लागले, जीभ तर पूर्वीइतकीच तिखट. पण उजवा हात मांडीवर ठेवला तो ठेवलाच. डॉक्टर म्हणाले, बोटं वापरली नाहीत तर कायमची जातील. व्यायामासाठी रबरी चेंडू आणला. "मी काय तान्हं बाळ आहे?" म्हणून तो कोपऱ्यात गेला. मला धास्तीनं जेवण जाईना.

इकडे कात्री थांबली आणि रानगुलाब माजला. एका कुंडीतलं कलम मेलं, पण खालच्या फुटीला पाच पाकळ्यांच्या पांढऱ्या फुलांचे घोस लागले. खत नाही, औषध नाही, काही नाही. मी हरखूनच गेले. ह्यांना ओढत गच्चीत आणून कुंडीसमोर खुर्चीत बसवलं.

"अहो, हा अगदी माझ्या पाकटासारखा. आपणहून कुणाच्या वाटेला जात नाही. फक्त पाकटाचा काटा कातडीतून येतो, म्हणून गळला तरी नवा येतो. तुमचा बिचारा लाकडातून येतो."

"लाकडातून?" हे ताठ बसले. "अगं, इतकी वर्षं शिकवलंस काय? लाकडातून लिंबाचा येतो. गुलाबाचा नुसता सालीवर असतो. कलम बांधताना आम्ही अंगठ्यानं ढकलून काढतो."

"काहीतरीच!" मी म्हटलं. मला खरंच ठाऊक नव्हतं.

ह्यांनी डाव्या हातानं फांदी धरली. उजवा हात मांडीवरून उठला, हवेत थरथरला, आणि अंगठा काट्याच्या कुशीला टेकला. दोनदा घसरला. तिसऱ्यांदा काटा टचकन निघाला. खाली ओलसर हिरवी खूण राहिली.

"बघ! लाकूड दिसतंय कुठे?"

मला काहीच नीट दिसत नव्हतं. डोळे पुसून मी म्हटलं, "हरले. आता तो पलीकडचाही काढून दाखवा."