राणीचा मुकुट, मागची पट्टी

"पुन्हा पाहा, बाळा. नीट पाहा!" आयव्ही टँडीने बिल्ला टेबलावर असा आपटला की पार्जेटरच्या कपातला चहा हिंदकळला.

पार्जेटर हा पलटणीच्या छोट्याशा संग्रहालयात शनिवारी हौसेने बसणारा माणूस. भिंतीवरच्या काचपेटीत पहिल्या महायुद्धात पडलेल्यांची नावं आणि त्यांचे टोपीवरचे बिल्ले होते. 'जे. हॅडन' या नावाखाली नुसताच खिळा होता. जेबेझ हॅडन म्हणजे आयव्हीचा बाप.

"मिसेस टँडी, तिसऱ्यांदा सांगतो. पुढे व्हिक्टोरिया राणीचा मुकुट आहे. तेव्हाच्या आपल्या बिल्ल्यांना मागे दोन कड्या असत, त्यांतून पिन घालायची. टोपीच्या चिरेत सरकवायची ही पट्टी नंतरची. मुकुट जुना, पट्टी नवी. नक्कल आहे ही. बाजारात ढिगाने मिळतात."

"पट्टी मी लावलीय! ह्या हातांनी!"

ते खरंच होतं. एकोणीसशे चौदा साली, चौदा वर्षांची आयव्ही बर्मिंगहॅममध्ये, हॉकलीच्या बिल्ल्यांच्या कारखान्यात डाख लावून कड्या-पट्ट्या जोडायला बसली. पूर्वी व्हिक्टोरिया राणीच्या काळात बोअर युद्धात लढून आलेला तिचा बाप त्याच वर्षी पुन्हा भरती झाला. पलटणीत बिल्ल्यांची टंचाई, म्हणून तेव्हाचा जुनाच लावा म्हणाले. पण नव्या टोपीला नुसती चीर. कड्यांना भोकं कुठली? जेवणाच्या सुट्टीत आयव्हीने कड्या कापल्या आणि पट्टी बसवली. मागे मुकादमीण उभीच होती. "कड्यांचा डाग दिसला ना पोरी, तर सगळ्यांपुढे लाज काढीन!" आयव्हीने कानस फिरवली, मग घासलं, मग झळाळी दिली. कड्या कधी होत्या हे देवालाही कळलं नसतं.

दोन वर्षांनी बिल्ला घरी परत आला. बाप आला नाही.

साठ वर्षं तिने त्या सफाईचा तोरा मिरवला होता. आज स्वतःचेच हात बडवून घ्यावेत असं तिला वाटत होतं.

"कडीची एक खूण दाखवा, मी आत्ता लावतो खिळ्याला," पार्जेटर म्हणाला. मग जरा नरमून, "नकली बिल्ले ओळखायला शिकवतो ना आम्ही, त्या नमुन्यांच्या खोक्यात ठेवू का?"

"खोक्यात? माझ्या बापाला?"

तिने डोक्यावरची फेल्टची टोपी काढली, त्याच्या टेबलावरची कात्री उचलली आणि टोपीला समोरून चीर दिली.

"अहो, चांगली टोपी आहे ती!"

बिल्ल्याची पट्टी सर्रकन आत गेली आणि घट्ट बसली. टोपी घालून आयव्हीने खुर्ची ओढली आणि बरोबर त्या रिकाम्या खिळ्याखाली जाऊन बसली.

"मिसेस टँडी, पाचला बंद होतं."

"मग पाचला उठेन. पुढच्या शनिवारी दहाला येईन. चहात मला दोन चमचे साखर लागते."