अंजनाबाईंचं जेवण

नागपूरहून चंद्रपूरची एसटी सकाळी सुटली तेव्हा माझ्या सामानात दोन साड्या, एक शाल होती आणि बाकी सगळं खाण्याचं होतं. कोंबू (समुद्रातल्या शेवाळाच्या वाळवलेल्या पट्ट्या), वाळवलेली जपानी अळंबी आणि मिसोची दोन पाकिटं (सोयाबीन आंबवून केलेला खारट लगदा). हे सगळं वैशालीनं मागवलं होतं.

वैशाली माझी विद्यार्थिनी. मी पुण्यात जपानी भाषा शिकवते. पोंभुर्ण्याजवळच्या खेड्यातली ही मुलगी नर्सिंग करून माझ्या वर्गात आली, दीड वर्ष खपून भाषा शिकली आणि जपानमधल्या एका वृद्धाश्रमात कामाला गेली. मीच तिला पाठवलं म्हटलं तरी चालेल. तिच्या घरचे तयार नव्हते आणि मी फोन करकरून त्यांना तयार केलं होतं. तिकडे ती ज्या म्हाताऱ्यांना नीट गिळता येत नाही त्यांच्यासाठी स्वयंपाक करायला शिकली. गेल्या वर्षी तिच्या आईला, अंजनाबाईंना, लकवा झाला. वैशाली नोकरी सोडून परत आली. यंदा थंडीत तिचा फोन आला.

"मॅडम, आई जेवत नाई. तिकडच्यासारखं करून देतो, पण सामान संपलं. तुमी येता का?"

तिनं आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

वरोऱ्याच्या अलीकडे एका खड्ड्यात गाडी आदळली आणि वरच्या फळीवरच्या पिशवीत मिसोचं एक पाकीट फुटलं. थोड्याच वेळात शेजारच्या माणसानं नाक मुरडलं. कंडक्टर आला. "बाई, पिशवीत काय हाये? वास येऊन राह्यला."

मी सांगितलं, सोयाबीन आहे, आंबवलेलं. शेजारचे गृहस्थ वरोऱ्याच्या बाजारातच सोयाबीन घालणारे निघाले. त्यांनी बोटभर मिसो चाखून पाहिला. मग म्हणाले, "आमी पिकवतो, पण असं खाल्लं नाई कधी. खारट हाये. वाईट नाई." त्यांनी आपल्याजवळची एक रिकामी प्लास्टिकची बरणी मला दिली आणि आम्ही दोघांनी मिळून तो लगदा तिच्यात भरला. संपूर्ण प्रवासात मी हसले ती एवढी एकदाच.

भद्रावतीच्या पुढे रस्त्याकडेच्या झाडांची पानं कोळशाच्या धुळीनं काळपट झाली होती. चंद्रपूरला गाडी बदलली. पोंभुर्ण्याच्या वाटेवर जंगल सुरू झालं तसा बसमधला गोंगाट आपोआप कमी झाला. सागाची पानं गळत होती. मधूनच धानाची कापलेली बांधी (भातखाचरं) दिसायची, त्यांत गुरं सोडलेली. फाट्यावर वैशाली उभी होती. जपानला जाताना गोल चेहऱ्याची होती. आता गालांची हाडं वर आली होती. तिनं सवयीनं कमरेत वाकून नमस्कार केला आणि मग स्वतःच ओशाळली.

घर दोन खोल्यांचं, स्वच्छ सारवलेलं अंगण, कोनाड्यात बुद्धाची लहान मूर्ती. अंजनाबाई खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला, पण डोळे तल्लख. मी पाया पडले तर त्यांनी डाव्या हातानं माझी हनुवटी धरली आणि माझ्याकडे नीट पाहून घेतलं. जीभ जड होती, तरी शब्द कळत होते. "पोरीले... तुमीच पाठवलं... दूर."

मी हो म्हटलं. त्यांच्या बोलण्यात राग होता की नाही, मला समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या शांताबाईंना आईजवळ बसवून वैशाली मला आठवडी बाजारात घेऊन गेली. थंडीच्या दिवसांतला तो बाजार पाहून कोणाही स्वयंपाक करणाऱ्या बाईचा जीव सुखावेल. पांढरेशुभ्र लांब मुळे, दव वाळलेला पालक, वालाच्या शेंगा, काटेरी देठांची लहान वांगी, सांभाराच्या (कोथिंबिरीच्या) जुड्यांचे ढीग. वैशाली मुळा नखानं दाबून बघत होती. जपानी मुळ्यापेक्षा हा तिखट असतो, म्हणून ती तो तांदळाच्या धुवणात आधी उकडून घ्यायची.

बाजाराच्या टोकाला सोमीबाई बसली होती. जंगलाला लागून असलेल्या गोंडांच्या गावातून ती तिखूर (रानातल्या कंदाचं पांढरं सत्त्व) विकायला यायची. पाणी, वरण, सूप असं पातळ काही अंजनाबाईंच्या घशातून सरळ श्वासनळीत जायचं. ते तिखूर घालून दाट करावं लागे. जपानात त्यासाठी तयार पूड मिळते. इथं वैशालीनं तिखूर शोधून काढलं होतं.

"म्हातारी कशी हाये?" सोमीबाईनं विचारलं.

"नाई खात."

"तिले काय पाह्यजे थे विचारलं का?"

"विचारून काय करू, मावशी. तिले वांग्याची भाजी पाह्यजे अन् भात. थे दिलं तर जीव जाईन तिचा."

सोमीबाईनं पुडी बांधून दिली. वर तिखुराचा एक खडा जास्तीचा टाकला आणि म्हणाली, "तरी विचारत जा."

त्या दुपारी मी वैशालीचा स्वयंपाक पाहिला. मुळ्याच्या जाड चकत्या, त्यांच्या कडा सुरीनं गोल केलेल्या, म्हणजे शिजताना मोडत नाहीत. कोंबू आणि अळंबी भिजवलेल्या पाण्यात त्या मंद आचेवर तासभर शिजत राहिल्या, इतक्या की जिभेनं दाबल्या तरी विरघळाव्यात. पालक वाटून त्यात कुटलेले तीळ. लाल भोपळा गूळ घालून मऊ केलेला. अंडं फेटून, गाळून, स्टीलच्या डब्यात वाफवलेलं, थरथरणारं. शेवटी वाटीभर मिसोचं सूप, तिखुरानं दाट केलेलं. सगळं तिनं लहान लहान वाट्यांत मांडलं, पालकावर तिळाचे तीन दाणे ठेवले आणि ताट आईपुढे नेलं.

अंजनाबाईंनी मुळ्याचा एक घास घेतला, दुसरा घेतला आणि ओठ मिटले.

"आई, अजून दोन."

अंजनाबाईंनी मान भिंतीकडे वळवली. वैशाली चमचा हातात धरून अर्धा तास बसली. आवाज चढवला नाही, की जबरदस्ती केली नाही. तिकडे तसंच शिकवलेलं होतं. मग ती ताट घेऊन आत आली आणि उरलेलं आम्ही दोघींनी खाल्लं. जेवण अतिशय चवदार होतं. मी तसं म्हटलं तर ती म्हणाली, "तिकडच्या आज्या वाटी पुसून खात होत्या, मॅडम. माझी आई म्हणते, हे बिमाराचं खाणं. मले समजत नाई मी काय चुकून राह्यली." आठ महिने हे असंच चाललं होतं. खाटेवरची बाई महिन्यामहिन्यानं वाळत गेली होती.

तिसऱ्या दिवशी वैशालीला औषधांसाठी चंद्रपूरला जावं लागलं. आईला कसं बसवायचं, हनुवटी कशी खाली ठेवायची, घास किती घ्यायचा, सगळं तिनं मला दोनदा करून दाखवलं. जेवण झाकून ठेवलं होतं. "मॅडम, दुसरं काही नाई द्यायचं. तिनं कितीही मागितलं तरी."

मी शब्द दिला.

बाराच्या सुमारास शांताबाई आल्या. मी पाहुणी म्हणून माझ्यासाठी त्यांनी वाटीभर वांग्याची भाजी आणि गरम भात आणला होता. जवसाचं कूट, लाल तिखट, वरून सांभार. वास खोलीभर पसरला. शांताबाई गेल्यावर अंजनाबाईंनी डाव्या हातानं माझा पदर धरला.

"मॅडम. एक घास."

मी नाही म्हटलं. झाकलेलं अंड्याचं ताट पुढे केलं. त्यांनी त्याकडे बघितलंसुद्धा नाही. "एकच," त्या म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, कारण हातात माझा पदर होता.

मी स्वतःला सांगितलं की अगदी मऊ केलं तर चालेल. वांगं कुस्करलं, साल काढली, भात बोटांनी चेचला, चमच्याच्या टोकावर येईल एवढा घास केला. त्यांनी तो तोंडात घेतला आणि डोळे मिटले. जबडा हळूहळू हलत होता. चेहऱ्यावरची ती ओढलेली, वाकडी बाजूसुद्धा सैल झाल्यासारखी वाटली.

"सांभार," त्या म्हणाल्या. अगदी स्पष्ट.

मी दुसरा घास दिला. तिसरा दिला. मला फार बरं वाटत होतं, हे इथं लिहायलाच हवं. चौथ्या घासाला त्यांना ठसका लागला.

तो ठसका थांबेना. ओठ निळसर झाले. मी त्यांना पुढे वाकवून पाठीवर थोपटत राहिले. किती वेळ, सांगता येणार नाही. शेवटी श्वास परत आला, घरघरत. त्या दमून उशीवर पडल्या. मी त्यांचं तोंड पुसलं, वाटी घासली, उरलेली भाजी मागच्या उकिरड्यावर टाकली. वैशाली संध्याकाळी आली तेव्हा मी म्हणाले, "आज थोडं खाल्लं त्यांनी." ते खोटं नव्हतं. तिचा चेहरा इतका खुलला की पुढचं मला बोलवेना.

सकाळी अंजनाबाईंना सणकून ताप होता, श्वास लागला होता. गावातल्या एका गाडीतून आम्ही त्यांना चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं. वाटेत मला बोलायला दीड तास होता. मी बोलले नाही.

तरुण डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की अन्न फुप्फुसात गेलंय, न्यूमोनिया आहे. "काल काय दिलं होतं?"

वैशालीनं एकेक पदार्थ सांगितला. मुळा, अंडं, सूप. मग ती थांबली आणि स्वतःशीच म्हणाली, "सूप पातळ झालं असन. तिखूर नवीन होतं, मी नीट पाह्यलं नाई. माझ्याच हातानं झालं."

तेव्हा मी बोलले. भिंतीला टेकून, डॉक्टरीणबाईंसमोर, सगळं सांगितलं. वांगं, भात, चार घास.

वैशालीनं माझ्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "तिखट होतं. लिहून घ्या." मग आईची चादर नीट करत राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "मॅडम, तुमी बाहेर बसा."

मी बाहेरच्या बाकावर दोन दिवस बसले. वैशाली येता-जाता दिसायची. एकदा तिनं मला चहा आणून दिला आणि परत आत गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी अंजनाबाई गेल्या.

गावात अंत्यविधी झाला. पांढऱ्या लुगड्यातल्या बायांच्या मागे मी उभी होते. वंदना म्हणताना वैशालीचा आवाज कुठेही अडखळला नाही. निघायच्या दिवशी ती मला फाट्यापर्यंत सोडायला आली. बस येईपर्यंत आम्ही दगडावर बसलो होतो.

"जेवताना आई काही बोलली का?" तिनं विचारलं.

"सांभार म्हणाल्या."

तिनं मान हलवली. "आठ महिन्यांत माझ्या हातच्या एकाही गोष्टीचं तिनं नाव नाई घेतलं." बस आली. मी चढले. तिनं हात केला नाही, पण गाडी सुटेपर्यंत उभी राहिली.

पुण्याला परतल्यावर भेटेल तो मला विचारतो, वाघ दिसला का? त्या भागात जाऊन आलेल्या माणसाला हाच प्रश्न विचारतात. मी नाही म्हणते आणि विषय संपतो.

जवळच्या एका मैत्रिणीला मात्र सगळं सांगितलं. ती म्हणाली, निदान शेवटचा घास तरी त्यांना आवडीचा मिळाला. हे वाक्य मी स्वतःलाही सांगून पाहिलं होतं. ते टिकत नाही. त्यांना शेवटचे तीन दिवस नळीतून श्वास घ्यावा लागला, तोही त्याच घासामुळे. आणि तो घास मी त्यांच्यासाठी दिला, असंही आता खात्रीनं म्हणवत नाही. रोज तासभर मुळा शिजवणाऱ्या मुलीला जे जमलं नाही ते मला एका दुपारी जमतंय, याचं सुख मला हवं होतं. मी दूरवरून आले होते, दयाळू होते, आणि चार दिवसांनी परत जाणार होते. दया करायला मला काहीच मोजावं लागत नव्हतं.

जपानमधल्या वृद्धाश्रमानं वैशालीला परत बोलावलं होतं. पत्र माझ्याकडे आलं, मी ते तिला पाठवलं. दहा दिवसांनी आश्रमाला पोचवायचं तिचं उत्तर माझ्याकडे आलं, जपानीत, मी शिकवलेल्या अत्यंत आदरार्थी भाषेत. तिनं लिहिलं होतं की बोलावल्याबद्दल ती फार ऋणी आहे, पण यापुढे कोणाला जेवू घालण्याचं काम तिच्यानं होणार नाही. खाली सही होती. माझ्यासाठी वेगळी ओळ नव्हती.

तिचं ते उत्तर मी मराठीत आणून पाहिलं, तर इतकंच उरलं: नाई जमत, मॅडम.