नदीच्या दोन बँका

आमच्या यांचा पाय एका जागी ठरत नाही. जेवताना उठतात, घड्याळ बघतात, पुन्हा बसतात. चहा घेऊन अंगणभर फिरतात आणि निम्मा सांडतात, मग फडकं घेऊन मागं मी. आमच्या कारंजा गावात कुणालाही विचारा, कृष्णकांत सर म्हणजे इंग्रजीतले जोक सांगणारे सर.

मी त्याच शाळेत ऑफिसात क्लर्क. माझ्या टेबलामागच्या भिंतीपलीकडे यांचा दहावीचा वर्ग. तास सुरू झाला की यांचा आवाज येई, "नदी श्रीमंत काऊन असते? कारण तिले दोन बँका असतात." मग समजावणी. बँक म्हणजे पैशाची बँक, आणि इंग्रजीत नदीच्या काठालाही बँकच म्हणतात. एका शब्दाची दोन घरं. ऐकणाऱ्याला एका घरात शिरवायचं आणि दुसऱ्याच घरातून बाहेर काढायचं, की हसू येतं. एवढं सोलून सांगितल्यावर कोण हसणार, असं मला वाटायचं. पण वर्ग खो खो हसायचा. यांचे विद्यार्थी बदलले, पण हसणं तेच राहिलं. दाखले टाइप करता करता मी मनात म्हणायची, चला, आज स्वारी खुशीत घरी येणार.

दिवाळीनंतर यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि चष्मा सुटला. कॅलेंडरवरची बारीक अक्षरं वाचून दाखवायचे, "सुधा, पाह्य, मले एकादशी दिसून राह्यली." मग शाळेत रुजू झाले. भिंतीपलीकडून नदी आली, बँका आल्या, समजावणीही आली. हसू काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. त्यानंतरही नाही.

झालं, घरात येरझाऱ्या सुरू. "पोरं बदलली का मी म्हातारा झालो?" त्यातच तालुक्यातल्या इंग्रजी शिक्षकांसमोर यांचा नमुना पाठ ठरलेला. विषय यांनीच मागून घेतला होता, शब्दाच्या दोन अर्थांमधून विनोद कसा होतो. आता म्हणे, "मी नाई देत पाठ. अन् नोकरीचा राजीनामाही देऊन टाकतो. ज्याले पोरं हसवता येत नाई, त्यानं शिकवावं काऊन?" हे नुसतं बोलणं नव्हतं. हा माणूस बोलला की करतो. मला धडकी भरली, कारण शाळेवाचून हे घरात बसले तर मला वेड लावतील, आणि स्वतःला आधी.

मी पुण्याला लेकीला, स्वरदाला फोन लावला. तीही यांच्याच वर्गात शिकलेली. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, बाबांचा चष्मा गेला ना?"

"त्याचं काय?"

"अगं, जोक संपला की बाबा चष्मा काढून पुसायचे. तेव्हा हसायचं, असं ठरलेलं होतं. आम्हाला वरच्या वर्गानं सांगितलं, आम्ही खालच्यांना सांगितलं. जोक कुणालाच कळायचा नाही. पण बाबा खूश झाले की होमवर्क विसरायचे."

मला असा संताप आला! पोरांचा, स्वरदाचा, त्या मेल्या चष्म्याचा. आता सांगावं की नाही? पण माझ्या पोटात काही राहत नाही. ताटावरच सांगून टाकलं.

घास तसाच हातात ठेवून हे म्हणाले, "स्वरदा पण?"

"स्वरदा पण."

उठले, हात धुतले आणि अंगणात गेले. बरंच फिरले. आत येऊन म्हणाले, "बँक म्हणजे काठ, हे पोरांनी फक्त माझ्याच तोंडून ऐकलं. दोन्ही अर्थ आधीपासून ठाऊक पाहिजेत, सुधा. समजावला की जोक मरते." आणि कपाटातून जुना चष्मा काढून खिशात टाकला. मला हायसं वाटलं. चष्मा काढतील, पोरं हसतील, पाहुण्यांसमोर इज्जत राहील. मला तेवढं पुरे होतं.

पाठाच्या दिवशी माझं कामात लक्ष लागेना. शेवटी व्हरांड्यात खिडकीशी जाऊन उभी राहिले. मागच्या बाकांवर तालुक्यातले शिक्षक बसलेले. यांनी चष्मा घातला होता, पार नाकाच्या शेंड्यावर, कारण आता त्यातून यांना धूसरच दिसायचं. पोरांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. यांनी नदी घेतलीच नाही. वर पंख्याकडे बोट केलं.

"हा पंखा मले रोज काय म्हणते माहीत हाये? सर, आय ॲम युवर बिगेस्ट फॅन."

समजावणी नाही. वर्गभर डोळे चष्म्यावर. यांचा हात चष्म्याकडे गेला, आणि मध्येच वळून पाठीमागं गेला. कुणीतरी पाहुणा खोकला. माझ्या ओठांवर आलं होतं, काढा ना बाप्पा एकदाचा. हे मात्र तसेच उभे, घाम पुसायलाही हात काढला नाही.

तिसऱ्या बाकावरच्या आकांक्षानं पंख्याकडे पाहिलं, मग सरांकडे, आणि फिस्सकन हसली. शेजारच्या जयानं तिला कोपर मारलं. आकांक्षानं घाबरून तोंडावर हात ठेवला.

"सॉरी सर. तुमी अजून चष्मा नाई काढला."

"राहू दे चष्मा," हे म्हणाले. "हास तू."

बाकीचा वर्ग चूप. पाठ संपला, पाहुण्यांनी चहा घेतला आणि गेले. संध्याकाळी ताट वाढून मी भीत भीतच म्हटलं, "एकच हसली ना हो."

"पयली हसली," हे म्हणाले आणि अर्ध्या जेवणावरून उठले. आता कुठं, म्हटलं. हातात फोन घेऊन दारात उभे होते.

"स्वरदाले सांगतो पंख्याचा जोक. फोनवर चष्मा दिसत नाई."