विहिरीकडचा कोपरा

काकूंशी बोलायचं तर उकिडवं बसावं लागे. त्या दिवसातला निम्मा वेळ घरामागच्या वाडीत, पोफळीच्या झाडांखाली, जमिनीला नाक लावून असायच्या. बँकेच्या बदलीवर मी श्रीवर्धनला आले आणि त्यांची मागची खोली भाड्यानं घेतली. पहिल्या दिवशी मी चावी मागायला उभी राहिले, तर वर न बघता म्हणाल्या, "बस गो खाली. तुझी सावली पडत्ये त्यांच्यावर."

'त्यांच्यावर' म्हणजे कुजक्या झावळीखालच्या जिवांवर. साखरेच्या कणाएवढे पांढरे, टुणकन उडणारे. बोट लागताच गोळी होणारे. आणि मखमली तांबडे, टाचणीच्या डोक्याहून लहान. काकूंचे यजमान बाजारात घड्याळं दुरुस्त करत. ते गेल्यावर त्यांचं डोळ्याला लावायचं भिंग काकूंनी उचललं आणि मातीत बघायला सुरुवात केली. शाळेत सातवीपर्यंत गेलेल्या या बाईंना एकाही किड्याचं पुस्तकातलं नाव ठाऊक नव्हतं. पण कोण काय खातो, कोण कुणाला घाबरतो, सगळं ठाऊक होतं. "नाव कशाला हवं? हाक मारली तर येणार आहेत का?" त्या म्हणायच्या.

गावात त्यांना कुणी वाईट बोलत नसे, पण कुणी फारसं येतही नसे. मीही एकटीच होते. संध्याकाळी बँकेतून आले की आम्ही दोघी शेजारी बसायचो. तासभर. बोलणं जेमतेम चार वाक्यांचं.

एकदा मी दगड उचलला आणि खाली बोटभर लांब गोम. मी चप्पल काढली. काकूंनी माझं मनगट धरलं. "आई आहे ती. नीट बघ." गोम वेटोळं करून पडली होती आणि पोटाशी अंड्यांचा पिवळट पुंजका. मी दगड हळूच खाली ठेवला. त्यानंतर काकू दोन-तीन दिवसांनी तो किंचित उचलून बघायच्या. अंड्यांची पिल्लं झाली, आई तशीच. "अन्न नाही, पाणी नाही. जागची हलली नाही बघ," त्या मला सांगत. मग एका संध्याकाळी दगडाखाली काहीच नव्हतं.

"गेली सगळी," काकू म्हणाल्या. अंधारून आलं तरी त्या उठल्या नाहीत.

त्यांचा मुलगा पनवेलला. स्वभावानं चांगला. पुढच्या हिवाळ्यात आला तो घराचं होमस्टे करायचं ठरवूनच. "आई, पाहुण्यांच्या गाड्या लावायला जागा नको का? वाडीत सिमेंटचे ब्लॉक बसवून घेऊ."

काकूंनी हातातला पाला खाली ठेवला. मग म्हणाल्या, "बसव. विहिरीकडचा कोपरा तेवढा ठेव."

तो हो म्हणाला. तीन दिवस आम्ही दोघींनी घमेल्यांनी वरची ओली माती आणि कुजका पाला त्या कोपऱ्यात नेऊन टाकला. काकू प्रत्येक घमेलं ओतताना हात खाली नेत. उंचावरून टाकत नसत.

ब्लॉकच्या कामाच्या शेवटच्या दिवशी मी बँकेतून आले तेव्हा वाडी विहिरीच्या कठड्यापर्यंत सपाट, राखाडी झालेली. कोपऱ्यासकट. काकू पायरीवर बसल्या होत्या.

"अहो, सांगितलं नाहीत कामगारांना?"

"जरा आडवी झाले होते गो दुपारी. ब्लॉक उरले होते, वाया जायला नकोत म्हणून बसवले त्यांनी. चहासुद्धा मीच दिला, मग कळलं."

महिन्याभरात मुलानं त्यांना पनवेलला नेलं. माझी खोली पाहुण्यांसाठी लागणार होती. मीही दुसरीकडे राहायला गेले.

दिवाळीनंतर मी त्यांना भेटायला गेले. नववा मजला. मुलगा-सून कामावर. गॅलरीत एकच कुंडी, तुळशीची. मी विचारलं, "यात काही दिसतं का?"

"विकतची माती. कोणी नाही तीत."

"पुढच्या वेळी येताना मी श्रीवर्धनची घेऊन येते, पिशवीभर."

"नको गो," त्या पटकन म्हणाल्या. "इथे एवढ्या उंच आणून त्यांना कशाला एकटं पाडायचं?"

निघताना त्या मला लिफ्टपर्यंत सोडायला आल्या. लिफ्ट आली, दार उघडलं, मिटलं. पुन्हा आली. काकू माझा हात धरून बोलत होत्या: भाजीवाल्याबद्दल, पाण्याच्या वेळेबद्दल, समोरच्या बंद दाराबद्दल. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.