ह्यांची रोजची दोन पानं

आमच्या ह्यांना विसरायला होतं. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, आता कधीकधी मीसुद्धा. पण संध्याकाळी कॉम्प्युटरसमोर बसवून त्यांनीच लिहिलेली दोन पानं उघडली की हे मोठ्यानं वाचायचे आणि वाचता वाचता ताळ्यावर यायचे. दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये असताना रविवारी बसून आपलं सगळं लहानपण टाइप केलं होतं त्यांनी, लेकीसाठी. लेक दिल्लीत वाढलेली, तिनं एक पान वाचलं असेल तर शपथ. मी मात्र रोज ऐकायची. तेवढा वेळ मला माझा नवरा परत मिळायचा.

मग लेकीचा व्हिडिओ कॉल लागेना. सिस्टीम जुनी झालीय, नवी टाकून घे, अशी तिनं भुणभुण लावली. आता आम्ही गाझियाबादला असतो. इथला कॉम्प्युटरवाला आला, फायली पेनड्राइव्हवर घेतल्या. मराठी टायपिंगचा जुना प्रोग्राम नव्यावर चालणार नाही, काढू का, म्हणून त्यानं विचारलं. लेक फोनवर म्हणाली, बिल्कुल काढू दे, नव्या सिस्टीमच्या आतच हिंदी असते, अक्षरं तर तीच. मलाही पटलं. दिल्लीत जन्म काढला की हिंदी आली म्हणजे मराठी आलीच असं वाटायला लागतं. कपाळ आमचं!

फायली सगळ्या होत्या, वाचता येणारा शब्द एक नव्हता. नुसते कंस, टिंबं आणि शेपट्या फुटलेली इंग्रजी अक्षरं. त्या प्रोग्रामशिवाय ती मराठी दिसणार नव्हती. त्याची सीडी क्वार्टर सोडताना भंगारात कबाडीवाल्याकडे गेलेली, बनवणारी कंपनीही बंद. कॉम्प्युटरवाल्यानं खटपट केली आणि हात टेकले. छापलेलंही काही नाही, कारण ऑफिसच्या कागदावर घरचं छापायचं नाही हा ह्यांचा बाणा. तेव्हा मला त्याचं कौतुक होतं. आता नुसता संताप येतो.

संध्याकाळी हे सवयीनं येऊन बसले. मी टीव्ही लावला, चहा पुढे केला, पण ऐकेनात. शेवटी फाईल उघडली. ओठ हलवत बराच वेळ बघत राहिले. चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"आता वाचताही येईना मला," म्हणाले.

"अहो, तुमचं काही नाही, कॉम्प्युटर बिघडलाय. मलाही वाचता येत नाहीये ते."

त्यांनी माझा हात थोपटला. "राहू दे. माझ्यासाठी म्हणतेस तू."

त्यानंतर ते कॉम्प्युटरसमोर बसले नाहीत. मराठी पुस्तक हातात दिलं तरी न उघडताच परत देतात.